बर्फाच्या शाळेत

आमच्या शिरगावात बर्फ येतो तो सातपाटीहून. शेजारच्या त्या बंदरात बोटी समुद्रावर निघण्यापूर्वी बर्फाच्या लाद्या फोडून त्यांचा चुरा बोटींच्या पोटात भरतात, आणि परतताना त्याच चुऱ्यात पहुडलेले पापलेट किनाऱ्याला लागते. लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला गेलो की त्यातील एखादा खडा उचलून मुठीत धरावा आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचे पाणी कोपरावरून ओघळावे, एवढाच आमचा बर्फाशी संबंध. खारी हवा, सुरूची बने, ताडामाडांची सळसळ आणि वैशाखातील घाम यांत वाढलेल्या माणसाला याहून अधिक बर्फ हवा तरी कशाला? पौषात पारा पंधरा-सोळा अंशांवर उतरला की आमच्याकडे कानटोप्यांची शोधाशोध सुरू होते.

भाषेने मात्र आमच्या पदरात बर्फ आधीच टाकून ठेवला आहे. 'हिवाळा' या शब्दाच्या पोटी 'हिम' आहे, हिमाचेच पुढे 'हिंव' झाले, असे मी तीस-बत्तीस वर्षे वर्गावर्गांतून सांगत आलो. एखादा धीट विद्यार्थी लगेच विचारी, "सर, मग आपल्याकडे हिम का पडत नाही?" मी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत गोठणाऱ्या दवाचा दाखला देऊन वेळ मारून नेत असे. खरे सांगायचे तर हिम मी स्वतःही पाहिलेले नव्हते. ज्या शब्दाचा अर्थ जन्मभर शिकवला, ती वस्तू वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रथम पायाखाली आली. पायाखाली आली म्हणण्यापेक्षा पायाखालून निसटली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

याला कारण आमचा थोरला मुलगा. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत तो यंत्रदुरुस्तीचे काम करतो. यंत्र दिसले की ते उघडून पाहावे, ही त्याची बाळपणापासूनची खोड. 2022 साली त्याने एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतला, त्यातील आसने काढून टाकली आणि पालघरच्या एका सुताराच्या मदतीने त्या पोकळीत एक घर वसवले. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणाऱ्या फळ्या, साठ लिटर पाण्याची टाकी, दोन चुलींची गॅसची शेगडी, टपावर सूर्यप्रकाशावर वीज तयार करणारी तावदाने. परिवहन कार्यालयाची रीतसर मंजुरी मिळवून नोंदणीतही हा बदल त्याने करून घेतला. अशा वाहनाला 'कॅम्पर व्हॅन' म्हणतात, असे नातीने मला सांगितले. मी तिला 'फिरते घर' म्हणू लागलो, आणि घरात तेच नाव रूढ झाले.

या घराने हिमाचल प्रदेशात जाऊन सर्वांनी स्की शिकायचे, असा बेत ठरला तेव्हा मी स्पष्ट विरोध केला. माझी कारणे सबळ होती. गुडघे, रक्तदाब, खर्च, मुलांची शाळा. परंतु आमच्या सौभाग्यवतींनी व्हॅनमध्ये डोकावून पाहिले, आतल्या फडताळात पोहे, तांदूळ, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी नीट बसते की नाही याची खात्री करून घेतली, आणि त्या म्हणाल्या, "अहो, महालक्ष्मीच्या जत्रेला तुम्ही गाडीतूनच जात होतात ना? मग हे निराळे ते काय?"

माझे सारे युक्तिवाद तेथेच संपले. मी सात वर्षांचा असताना, चैत्री पौर्णिमेला सुरू होणाऱ्या डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला आमचे कुटुंब बैलगाडीने गेले होते. गाडीवर तट्ट्या, आत पेंढ्याची गादी, तिच्यावर गोधड्या, मागच्या बाजूला भांड्यांची पाटी, आणि कण्याला टांगलेला कंदील. वाटेत ओढ्याकाठी गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि बैलांच्या घंटा ऐकत झोपायचे. देवीचे दर्शन मला आज अंधुक आठवते. परंतु पहाटे जाग आली तेव्हा घर आपल्यासह चालत होते, हे नवल अजून ताजे आहे. साठ वर्षांपूर्वीचे ते फिरते घर पन्नास किलोमीटर जात असे. नव्या घराला अठराशेहून अधिक किलोमीटर जायचे होते.

जानेवारी 2023 मध्ये आम्ही निघालो. मनोरला अहमदाबादचा महामार्ग धरला. सुरत, बडोदे मागे पडले. राजस्थानात मोहरीची पिवळी शेते लागली. हरियाणात धुक्याने अर्धा दिवस खाल्ला. मुलगा आणि सूनबाई आळीपाळीने गाडी चालवीत. रात्री एखाद्या पेट्रोलपंपाच्या प्रशस्त आवारात, मालकाची परवानगी घेऊन, मुक्काम करायचा. चौथ्या दिवशी मंडी ओलांडली आणि ब्यास नदी सोबतीला आली.

या नदीविषयी मी मुलांना एक गोष्ट सांगितली, तीही मोठ्या शिक्षकी आवाजात. तिचे जुने नाव विपाशा. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या वसिष्ठ ऋषींनी स्वतःला पाशांनी बांधून घेतले आणि या नदीत उडी टाकली. परंतु नदीने ते पाश सोडवले आणि ऋषींना तीरावर आणून ठेवले. पाश सोडवणारी, म्हणून विपाशा. मनालीजवळ वसिष्ठ नावाचे गाव आहे आणि तेथे गरम पाण्याचे झरेही आहेत. नातवाने विचारले, "आजोबा, मग तो दुसऱ्यांदा उडी मारायला गेला का?" महाभारताचा आधार घेऊ लागलो तर वसिष्ठांनी आणखीही एका नदीत उडी टाकली होती, आणि तिनेही त्यांना बुडू दिले नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला शतद्रूची, म्हणजे सतलजची, कथा सांगेपर्यंत पहिला बर्फ दिसला आणि माझा वर्ग सुटला.

मनालीच्या वर पलचान गावात एका बागवानाने त्याच्या अंगणात व्हॅन उभी करू दिली. सभोवती सफरचंदाची निष्पर्ण झाडे, वर देवदार, आणि त्यांच्याही वर पांढरे डोंगर. आपले कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. पुढचे सोलंग नाल्याचे मैदान सुमारे अडीच हजार मीटरांवर, आणि तेथे लोक त्याला दरी म्हणतात! मला आपल्या भूगोलाची अंमळ लाज वाटली.

पहिल्या रात्रीने आमच्या गृहिणीची परीक्षा घेतली. खोबरेल तेल दगड झाले. नळातले पाणी गोठले. श्वासाची वाफ काचांना लागून तिचेही पाणी गोठू लागले. थंडी असह्य होऊन हिने शेगडी पेटती ठेवून झोपायचे ठरवले. तेवढ्यात बागवानाची वृद्ध आई दिव्याच्या प्रकाशात हातवारे करीत धावत आली. बंद खोलीत अंगठी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, ठेवून झोपलेली माणसे दर हिवाळ्यात सकाळी उठत नाहीत, असे तिने आम्हांला बजावले. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. विज्ञानाच्या पुस्तकातले हे वाक्य मला पाठ होते. तरीही शेगडी विझवायला त्या निरक्षर माउलीला यावे लागले. तिने दोन घोंगड्या दिल्या आणि खिडकीची फट उघडी ठेवायला लावली. त्यानंतर कुडकुडत का होईना, आम्ही निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी सोलंगच्या उतारावर आमची शाळा भरली. शिक्षक वीस-बावीस वर्षांचा, गोरा, उन्हाने नाक सोललेला, जवळच्याच गावचा तरुण. बर्फाला घरी काय म्हणता, असे मी विचारताच त्याने 'हिऊं' असा उच्चार केला. मला गहिवरून आले. आपल्या हिवाळ्यातले हिंव येथे अजून प्रत्यक्ष पडत होते! 'स्की' हा शब्दही मुळात असाच साधा आहे. नॉर्वेकडच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ फोडलेल्या लाकडाची चिरफळी. हिमाच्छादित प्रदेशातील शिकारी हजारो वर्षे अशा फळ्या पायांना बांधून चालत आले. फळी वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवते, म्हणून पाय बर्फात रुतत नाही. आणि ती घसरू लागली की घर्षणाच्या उष्णतेने तळाशी पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो, त्यावर ती पळते.

हे सर्व ज्ञान घेऊन मी फळ्यांवर उभा राहिलो आणि तत्क्षणी आडवा झालो.

मला वाटले, आता हा मुलगा मला उभे कसे राहावे ते शिकवील. परंतु तो म्हणाला, "मास्टरजी, चांगले झाले. पहिला धडा पडण्याचाच असतो." त्याने आम्हा सर्वांना ओळीने पाडले. पडायचे ते बाजूला, डोंगराच्या अंगाला, बसल्यासारखे. मागे झोकून द्यायचे नाही, कारण मग फळ्या आपल्याला घेऊन पुढे पळतात. हात टेकायला जायचे नाही, मनगट मोडते. मग उठायचे. दोन्ही फळ्या उताराला आडव्या आणायच्या, शरीराच्या खालच्या बाजूला घ्यायच्या, आणि काठीवर रेटा देऊन वर यायचे. पूर्ण एक तास आम्ही पडलो आणि उठलो. पुढे जाण्याचे नावच नाही. माझ्या शिक्षकी मनाला हा क्रम प्रथम विपरीत वाटला.

तासाभराने त्याने नांगर शिकवला. फळ्यांची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर रेटायच्या. असा पाचरीसारखा आकार झाला की वेग कमी होतो. नात बारा वर्षांची. तिने दोनदा पडून नांगर साधला आणि ती खालपर्यंत गेली. नातू तर पडणे हाच खेळ समजत होता. सूनबाई शांतपणे शिकल्या. मुलगा प्रत्येक वेळी बुटांची पकड कशी सुटते हे पाहण्यासाठी खाली बसत होता. ही तर उताराच्या पायथ्याशी मक्याचे कणीस खात प्रेक्षकांत सामील झाली होती. राहिलो मी. मी नांगर धरला, तो विस्कटला. पुन्हा धरला, दोन्ही टोके एकमेकांवर चढली. अकराव्या वेळी मी पडलो तेव्हा शेजारून दहा-पंधरा शाळकरी मुलांची रांग चालली होती. ती मोठ्याने हसली.

ते हसू माझ्या कानांत शिरले आणि मी बर्फात बसूनच राहिलो. कारण तसे हसू मी पूर्वी एकदा ऐकले होते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट. एका शाळेत, सातवीच्या वर्गात, मी मुलांकडून प्रकट वाचन करून घेत होतो. मासेमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा उभा राहिला. वाचताना तो अडखळे, आणि अडखळला की त्याच्या घरची बोली मध्ये येई. वर्ग हसला. त्याने पुन्हा ओळ धरली, पुन्हा अडखळला. वर्ग पुन्हा हसला. मी ते हसू थांबवायला हवे होते. उलट, तास संपत आला होता, पाठ अपुरा राहिला होता, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "बस खाली. तू होडीवरच बरा." यावर वर्ग सर्वांत मोठ्याने हसला. मुलगा बसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शाईने रेघ ओढली. त्या काळी मुले अशी गळत असत, असे मी स्वतःला सांगितले, आणि पुढे मुख्याध्यापक झाल्यावर गळतीवर भाषणेही केली.

"मास्टरजी, लागले का?" तरुण शिक्षक जवळ येऊन उभा होता. मी म्हटले, "लागले नाही. पण आता पुरे. या वयात हे जमायचे नाही." तो हसला नाही. त्याने स्वतःच्या फळ्या आडव्या केल्या आणि तो माझ्याशेजारी बर्फात चक्क पडला. "आता दोघे पडलो आहोत," तो म्हणाला. "उठायचे कसे ते पुन्हा दाखवतो." मग त्याने त्या शाळकरी मुलांकडे वळून काहीतरी पहाडी बोलीत म्हटले. शब्द मला कळले नाहीत. मुले गप्प झाली आणि त्यांतील दोघांनी येऊन माझी काठी माझ्या हाती दिली.

त्या दिवशी मी एकंदर सतरा वेळा पडलो. नातवाने मोजदाद ठेवली होती. अठराव्या खेपेस सुमारे वीस पावले नांगर धरून आलो आणि पायथ्याशी थांबलो. हिने कणीस बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या मनापासून टाळ्या मिळाल्याचे आठवत नाही.

संध्याकाळी चहा पिताना त्या तरुणाने डोंगराकडे बोट करून बुरुआ गाव दाखवले. तेथील आंचल ठाकूर हिने जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे कांस्यपदक जिंकले. स्कीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. तिचा भाऊ हिमांशू 2014 च्या सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला होता. "तीही आधी पडायलाच शिकली असेल," असे नात म्हणाली. तरुण म्हणाला, "आम्ही तर चालण्याआधी."

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. 2024 चा जानेवारी हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला. सोलंगचा उतार उघडा, तपकिरी गवताचा. फळ्यांची दुकाने बंद, घोडेवाले उदास, आणि आमचा शिक्षक भावाच्या टपरीवर चहा गाळीत बसलेला. हिम पडले नाही तर सफरचंदालाही हवी तेवढी थंडी मिळत नाही, असे बागवान सांगत होता. त्याची आई रोज सकाळी आकाशाकडे पाहून हात जोडी. आम्ही सहा दिवस थांबलो आणि परतलो. महिना संपता संपता तेथे हिमवर्षाव झाल्याचे वृत्त आले, तेव्हा आम्ही शिरगावात पंखा लावून बसलो होतो. नातवंडांनी पुष्कळ हळहळ व्यक्त केली. मला मात्र या कोऱ्या प्रवासात विचार करायला सवड मिळाली. पहिल्या वर्षी परत आल्यावर एका माणसाला भेटायचे मी ठरवले होते, आणि वर्षभर टाळले होते.

फेब्रुवारीत एका सकाळी मी सातपाटीच्या बंदरावर गेलो. तो तेथे असतो, हे मला ठाऊक होते. खरे म्हणजे इतकी वर्षे ठाऊक होते. त्याची स्वतःची बोट आहे. केस पांढरे झाले आहेत. लादी फोडण्याच्या यंत्राजवळ उभा राहून तो फावड्याने बर्फाचा चुरा पाट्यांत भरत होता.

"या सर," तो म्हणाला. "बर्फावर घसरायला जाता म्हणे तुम्ही? गावात सगळे सांगतात."

मी हो म्हटले. पडल्याची हकिगत सांगितली. तो फावडे टेकून ऐकू लागला.

"किती वेळा पडलात?"

"पहिल्या दिवशी सतरा वेळा."

"मग पोरं हसली असतील."

"हसली."

"आणि मास्तर काय बोलला?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. यंत्राचा आवाज चालू होता. मी म्हटले, "म्हणाला, उठायचे कसे ते पुन्हा दाखवतो."

त्याने मान हलवली. मग मी म्हटले, "त्या दिवशी वर्गात मी तुला जे बोललो, ते मी बोलायला नको होते."

तो काही बोलला नाही. बाजूच्या टोपलीतून दोन पापलेट काढून त्याने माझ्या पिशवीत ठेवले आणि वर ओंजळीओंजळीने बर्फ घातला, पिशवी काठोकाठ भरेपर्यंत. मी पैसे काढू लागलो, तोच धक्क्यावरून त्याला हाक आली. त्याने फावडे उचलले.

"घरी पोहोचेपर्यंत पुरेल, सर," तो जाता जाता म्हणाला. "सुरूच्या बनातून जा. सावली आहे."